यादीत नाव नसलेल्या वाड्या

रेड अलर्ट म्हटलं की तुमच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? खरं सांगा. कॉलेजला सुट्टी! रात्री अकरा वाजता ग्रुपवर 'उद्या बंद आहे ना रे?' असे मेसेज सुरू होतात. कुणीतरी कलेक्टरच्या आदेशाची पीडीएफ टाकतं, मग ती खरी की गेल्या वर्षीची यावर अर्धा तास वाद होतो. यात कुणाचं काही चुकतंय असं नाही. शहरात राहणाऱ्या पोराला रेड अलर्टचा अर्थ बऱ्याचदा तेवढाच असतो.

पण तोच अलर्ट त्याच जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या वाडीलाही लागू असतो. तिथल्या माणसाने त्याचं नेमकं काय करायचं? रायगड जिल्ह्याचंच घ्या. पंधरा तालुके आहेत. पनवेलचे टॉवर, अलिबागचा किनारा, महाडची पूररेषा आणि पोलादपूरचे घाट, सगळ्यांना मिळून एकच लाल रंग. 'जिल्ह्यात काही ठिकाणी अतिमुसळधार' हे वाक्य हवामान खात्याच्या दृष्टीने बरोबर असतं. पण ते 'काही ठिकाण' म्हणजे आपल्या घरामागचा डोंगर आहे का, हे ते वाक्य सांगत नाही. ते सांगण्याचं काम धोक्याच्या मूल्यांकनाचं आहे. शब्द जड आहे, कबूल. पण आपण ज्या डोंगरांवर दर पावसाळ्यात फोटो काढायला जातो, तिथे राहणाऱ्या माणसांचं जगणं या जड शब्दावर अवलंबून आहे.

इर्शाळगड तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. चौकजवळून चढायला लागलं की वाटेत वाडी लागायची, इर्शाळवाडी. पन्नासच्या आसपास घरं, गाडीरस्ता नाही, चालतच जायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री या वाडीवर दरड कोसळली. बचावपथकांनाही चढूनच जावं लागलं, जेसीबी वर नेता येईना, हाताने माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आलं.

यानंतर विधानसभेत सरकारने एक माहिती दिली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं. ही गोष्ट तेव्हा बातम्यांमधून एका ओळीत येऊन गेली. पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती आणि तिच्यावर आपण सगळ्यात कमी बोललो.

यादी मागे का पडते?

आपल्याकडे धोक्याची यादी वाढते ती बहुतेकदा दुर्घटना झाल्यावर. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. मग पाहणी झाली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि गाव नाहीसं झालंय हे बाहेरच्या जगाला कळलं ते सकाळी तिथे पोचलेल्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. पुन्हा पाहणी. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. ऐंशीहून जास्त मृत्यू. पुन्हा पाहणी. मग इर्शाळवाडी. जिथे दरड कोसळली तिथलं नाव यादीत जातं, आणि पुढची दरड दुसरीकडेच कोसळते.

असंच भूकंपाच्या बाबतीतही झालंय. आपण जन्मायच्या आधीची गोष्ट, पण घरात आई-बाबांना विचारा, त्यांना ती पहाट आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, लातूर-धाराशिव पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये होता. म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा! पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला, झोन १ हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारीचा पट्टा झोन ३ मध्ये आला. 'यादीत नाव नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेतला की काय होतं, हे महाराष्ट्राला तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मग नकाशे निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे जीएसआयने, २०१४-१५ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचे भूस्खलन-संवेदनशीलता नकाशे तयार करण्याचं मोठं काम हाती घेतलं. त्याचं प्रमाण आहे १:५०,०००. आता हे जरा शाळेतल्या भूगोलाच्या तासासारखं वाटेल, पण करून बघा. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दीडशे मीटरच्या पसाऱ्यातली पन्नास घरांची वाडी त्या नकाशावर किती दिसेल? तीन मिलिमीटर! बोटाच्या नखाखाली अख्खी वाडी झाकली जाईल. असा नकाशा 'या डोंगररांगेवर लक्ष ठेवा' एवढं सांगू शकतो. शाळेच्या मागचा उतार धोक्याचा की देवळाच्या मागचा, हे त्याला विचारूच नये. त्यासाठी कुणीतरी तिथे चालत जायला हवं.

दुसरी अडचण साधी, सरकारी कागदाची आहे. आपल्या याद्या महसुली गावांच्या असतात. कोकणात एका महसुली गावाच्या पाच-सात वाड्या असतात, एक नदीकाठी, एक सड्यावर, एक डोंगराच्या पोटात, आणि त्यांच्यामध्ये कधीकधी दोन-तीन किलोमीटरचं अंतर. गावाला धोका कमी म्हटलं तरी त्यातल्या एका वाडीला तो भयंकर असू शकतो. पावसाचंही तेच. पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या पातळीवर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात. पण यंत्र बसवलेलं असतं खाली, आणि ढग अडतात वर. २०२१ च्या जुलैमध्ये, तळीयेची दुर्घटना झाली त्याच सुमारास, महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटमाथ्यावर पाऊस असा पडतो. खालच्या यंत्राने वरच्या वाडीचं काय सांगावं?

डोंगर एकटा माणसं मारत नाही

धोका मोजायची पद्धत तशी समजायला सोपी आहे. तीन प्रश्न विचारायचे. काय कोसळू शकतं? त्याच्या वाटेत कोण आहे? आणि जे वाटेत आहेत, त्यांना हलता येईल का?

पहिला प्रश्न डोंगराचा. सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि वर झिजलेला मुरूम, माती. कित्येक दिवस पाऊस लागून राहिला की पाणी या वरच्या थरात मुरतं. थर जड होतो आणि त्याची कातळावरची पकड सुटत जाते. त्यात कुणी रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला, सपाटीकरण करताना ओहोळ बुजवला, तर पाण्याला नेहमीची वाट राहत नाही आणि ते आणखी मुरतं. माळीणनंतर उतारावरच्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली ती याचसाठी.

दुसरा प्रश्न शिरगणतीचा. उताराखाली घरं किती, गोठे किती, अंगणवाडी कुठे, आश्रमशाळा कुठे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि आपल्या याद्यांमध्ये तोच सगळ्यात कमी सापडतो. दर जूनमध्ये धोक्याच्या गावांना तहसील कार्यालयाकडून नोटीस जाते, पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा. कागद बरोबर आहे. पण आता त्या घरात उभे राहून विचार करा. जुलै म्हणजे लावणीचा हंगाम. वर्षभराचं भात या पंधरा-वीस दिवसांच्या चिखलावर ठरतं. गोठ्यात दोन गायी आहेत, त्यांना घेऊन कुठे जायचं? शाळेच्या एका खोलीत किती कुटुंबं राहणार, किती दिवस, आणि चूल कुठे पेटवणार? आजीला डोलीत घालून कोण उतरवणार? नेटवर्क एका दगडावर उभं राहिलं तर येतं, तिथे रात्री दोन वाजता अलर्ट वाचणार कोण?

आपण शहरात बसून 'सांगूनही ऐकत नाहीत हे लोक' असं सहज म्हणून जातो. मला या वाक्याचा राग येतो. त्या माणसांना डोंगराची भीती आपल्यापेक्षा जास्त कळते. पण डोंगर कोसळेलच असं नसतं, आणि लावणी चुकली तर वर्ष उपाशी जाणार हे मात्र नक्की असतं. नोटीस देऊन जबाबदारी झटकता येते, धोका कमी होत नाही. रेशन, जनावरांचा चारा, बुडालेली मजुरी यांची सोय ज्या नोटिशीबरोबर येत नाही, ती नोटीस म्हणजे उद्या चौकशी झाली तर दाखवायचा पुरावा, बाकी काही नाही.

आणि स्थलांतर केलं म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. माळीणच्या लोकांसाठी नवं गाव उभं राहिलं, २०१७ मध्ये लोक राहायला गेले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचल्याच्या, भराव वाहून गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे जुन्या जागेचा धोका मोजायचा तसा नव्या जागेचाही मोजायला हवा.

कायदा काय म्हणतो?

आता जरा कायद्याचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करणं बंधनकारक आहे. त्यात कोणता भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतो हे लिहायचं असतं, आणि तो दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. ही काही कुणाची कृपा नाही, कायद्यात लिहिलंय.

एक काम करा. आज रात्री रील्स बघायच्या आधी दहा मिनिटं काढा आणि आपल्या जिल्ह्याच्या वेबसाइटवर हा आराखडा शोधा. सापडला तर तीन गोष्टी बघा. त्यावर साल कोणतं आहे? तुमच्या किंवा तुमच्या मामाच्या गावाचं नाव आहे का? आणि नाव असेल तर तिथे फक्त गावाचं नाव आहे की वाडी, घरं, जायची वाट, थांबायची जागा हेही आहे? संपर्काच्या यादीतला एखादा नंबर लावूनही बघा. लागतो की नाही, हासुद्धा धोक्याच्या मूल्यांकनाचाच भाग आहे.

मग आपण काय करायचं?

इथे माझं म्हणणं थेट मांडते. या राज्यात धोक्याच्या गावांपर्यंत चालत जाऊ शकणारी माणसं भरपूर आहेत, ती आपल्या वर्गात बसलेली आहेत. एनएसएसच्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. या सात दिवसांत आपण काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे. गाव झाडतो, पथनाट्य करतो, रोपं लावतो, शेवटच्या दिवशी सरपंचांचा सत्कार. वाईट काही नाही. पण एनईपी आल्यापासून फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटची क्रेडिट्सही आलीत, आणि त्यासाठी विषय शोधताना आपण दमतो. घ्या ना मग हा विषय!

डोंगराळ तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजने आपल्या आसपासच्या चार-पाच वाड्या घ्याव्यात. उन्हाळ्यात जाऊन, तिथल्याच माणसांना सोबत घेऊन, प्रत्येक वाडीची एक वही करावी. कोणतं घर कुठे, कोणाला चालता येत नाही, कुठे बाळंतीण आहे, जनावरं किती. ओहोळ पूर्वी कुठून वाहायचा आणि आता कुठून वाहतो. जमिनीला भेग कुठे पडलीय, किती लांब, किती रुंद, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवायचं. कोणती झाडं, कोणते विजेचे खांब कलले आहेत. कुणाचं दार अचानक अडकायला लागलंय. कुठला झरा नव्याने फुटलाय किंवा गढूळ झालाय. यातली बरीच लक्षणं म्हाताऱ्या माणसांना आधीच दिसलेली असतात, फक्त ती कुणी लिहून घेतलेली नसतात. पाऊस मोजायला सरळ भिंतीचं उघडं भांडं आणि फूटपट्टी पुरते. वाडीतल्या आठवी-नववीच्या मुलांना ते शिकवा, रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहू द्या. आणि ट्रेकर मंडळींनो, तुमच्या फोनमध्ये त्याच उतारांचे तारखेसकट वर्षानुवर्षांचे फोटो पडून आहेत. डोंगर कसा बदलत गेला याची ती नोंदच आहे. ती त्या गावाला द्या.

ही वही ग्रामसभेत वाचायची, ठरावासोबत तहसीलदारांकडे द्यायची, पोच घ्यायची. दुसऱ्या वर्षीच्या बॅचने तीच वही घेऊन परत जायचं. भेग दोन बोटांची होती, चार बोटांची झाली, हे दुसऱ्या वर्षीच कळतं. एका भेटीत काही कळत नाही.

यावर आक्षेप येणार, आणि ते फालतू नाहीत. बीए, बीकॉमची पोरं म्हणजे भूवैज्ञानिक नव्हेत. बरोबर. म्हणून उतार पडेल की नाही, किती पावसाला वाडी खाली आणायची, हे पोरांनी ठरवायचंच नाही. ते जीएसआय आणि प्रशासनाने ठरवायचं. आपण फक्त तज्ज्ञांनी आधी कुठे जायचं हे कळेल अशी नोंद त्यांच्या हातात द्यायची. जिल्ह्यात शेकडो वाड्या आणि भूवैज्ञानिक मोजके, तेव्हा त्यांना ती लागणारच आहे.

दुसरा आक्षेप, उगाच घबराट होईल. मला वाटतं, घबराट होते ती अर्धवट माहितीने. आपल्या घरात कोण कोणाला उचलणार, कोणत्या वाटेने उतरणार, कुठे थांबणार हे ठरलेलं असेल तर माणूस उलट थोडा निर्धास्त झोपतो. चार वेळा उतरलो आणि डोंगर पडला नाही तर पाचव्यांदा कोण उतरेल, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचं उत्तर एकच, उतरणं कमी महाग करा. खाली कोरडी जागा, गरम जेवण आणि गोठा असेल तर पाचव्यांदाही माणूस उतरेल.

तिसरा आक्षेप माझ्याच मनात आहे. सरकारचं काम आपण फुकटात करून दिलं तर सरकार ते करायचं सोडून देईल का? ही भीती मला पूर्णपणे काढता येत नाही. म्हणूनच पोच घ्यायची असं म्हटलं. वही दिल्यावर तिथलं नाव यादीत आलं का, कुणी पाहणीला आलं का, हे विचारत राहणं हे काम वही करण्याइतकंच मोठं आहे. ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं, आणि अर्जाची फी दहा रुपये आहे.

३० जुलै २०१४ ला माळीण झालं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडमध्ये मुंडक्काई आणि चूरलमला दरडीखाली गेली. पश्चिम घाट तोच, महिना तोच. पुढचं नाव कुठलं असेल हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण ती वाडी आजही आहे. तिथे आज कुणीतरी भाताचं बियाणं निवडून ठेवतंय, कुणाची तरी पोर अकरावीच्या प्रवेशाची वाट बघतेय, आणि घराच्या मागे एक भेग आहे जी अजून कुणी मोजलेली नाही.

शिबिराचं ठिकाण ठरवायची मीटिंग तुमच्या कॉलेजात थोड्याच दिवसांत होईल. तिथे हात वर करा आणि एका वाडीचं नाव सुचवा. यादीत नसलेल्या.